विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ: आपल्या हाताने हिशेब कसा करायचा

हिंगणघाट तालुक्यात, हायवेपासून थोडं आत असलेल्या गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, ई-केवायसी, उत्पन्नाचा दाखला ही रोजची कामं. गेल्या काही वर्षांत त्यात विमानाच्या तिकिटांची भर पडली. तिकीट काढायला फारसं कोणी येत नाही, पोरं तिकडूनच काढतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवतात. आईवडील प्रिंट काढायला येतात. कागद हातात घेतला की प्रत्येकाचा एकच प्रश्न असतो, "किती घंटे लागते वं पोरी?"

या प्रश्नाचं उत्तर तिकिटावर सरळ लिहिलेलं नसतं. किंवा असतं, पण आपल्या घरच्या माणसाला समजेल अशा रीतीने नसतं. हे मला माझ्याच घरी कळलं.

माझा धाकटा भाऊ जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोला गेला, दोहामार्गे, म्हणजे कतार देशात उतरून. नागपूरहून पहाटे ४ ला विमान, आणि तिकिटावर पोहोचण्याची वेळ त्याच तारखेची, दुपारी १२ वाजून ५० मिनिटं. आईने कागद वाचला आणि बोटांवर मोजलं. "नऊच घंट्यात अमेरिका? पुण्याच्या ट्रॅव्हल्सले त्याहून जास्त लागते." मी तेव्हा पीकविम्याच्या गर्दीत होते. हो म्हटलं आणि विसरले. दुपारी १२:५० ला आई फोन हातात घेऊन ओट्यावर बसली. एक वाजला, दोन वाजले. वेचणीच्या बाया वावरातून परत आल्या तरी तिने भाकर खाल्ली नव्हती. "काऊन वं, पोट्ट्याचा फोन नाही आला अजून?" त्याचा फोन बंद होता, कारण तो त्या वेळी आभाळात होता आणि त्याला अजून तेरा-साडेतेरा तास आभाळातच राहायचं होतं. मी सांगितलं तोवर तिचा दिवस गेला होता.

त्या रात्री मी ठरवलं की आपल्या दुकानातून तिकिटाची प्रिंट घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब करून द्यायचा, आणि जमेल त्याला शिकवायचा. दहावीचं गणित आणि एक धागा, एवढं पुरतं.

आधी धागा

भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवा. नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी गोल. सपाट नकाशावर नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को बोट फिरवलं तर ते अरबस्तान, युरोप, अटलांटिक असं पश्चिमेकडे जातं, नाहीतर पूर्वेकडे जपान आणि अख्खा पॅसिफिक ओलांडतं. दोन्ही चूक.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पृथ्वीचा गोल असतो, तो मागून आणा. गोधडी शिवायचा जाड धागा घ्या, रबरासारखा ताणला जाणारा नको. धाग्याचं एक टोक नागपूरवर दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर न्या आणि ताणून धरा. बोट थोडं हलवून बघा, धागा आपोआप सर्वांत आखूड वाटेवर जाऊन बसतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पुन्हा पुन्हा बघत राहिले. धागा पूर्वेला नाही, पश्चिमेलाही नाही, सरळ वर गेला. नेपाळ, तिबेट, मंगोलियाची बाजू, सैबेरिया, रशियाच्या उत्तरेचा गोठलेला समुद्र, तिथून अलास्का, आणि मग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने खाली. गोलावरच्या या सर्वांत आखूड वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. विमानाचं अंतर म्हणून जे सांगतात ते या वाटेचं असतं.

आता मोजमाप. तोच धागा विषुववृत्तावर गुंडाळा आणि पट्टीने मोजा. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर. आमच्या शाळेच्या गोलावर विषुववृत्त ९४ सेंटिमीटर भरलं, म्हणजे १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को धागा ३१ सेंटिमीटर. गुणाकार केला, १३,१७५ किलोमीटर.

पुढे याच अंतराचा गणिताने हिशेब केला तर १३,११० आलं. फरक ६५ किलोमीटरचा, म्हणजे हिंगणघाटहून निघालं तर नागपूरही गाठत नाही एवढा. शाळेच्या गोलाने आणि गोधडीच्या धाग्याने पृथ्वीच्या पाठीवरचं अंतर इतकं जवळ येतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आमच्या तालुक्याची आहे आणि आमच्याच पोरांना माहीत नाही. पृथ्वीचा एक अंश जमिनीवर नेमका किती लांब असतो हे भारतात ज्याने साखळ्या आणि थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन मोजायला घेतलं, तो विल्यम लॅम्बटन हिंगणघाटला पुरलेला आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्याने पहिली आधाररेषा मोजली. तिथून त्रिकोणामागे त्रिकोण जोडत, साधारण ७८ रेखांशाच्या काठाकाठाने तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत आला. त्याचं मोठं यंत्र अर्ध्या टनाचं होतं, म्हणजे कापसाचे पाच क्विंटल एकाच पेटीत. तेवढं ओझं टेकडीवर, देवळाच्या शिखरावर चढवायचं आणि तिथून कोन मोजायचे. जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. आज आपण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर असं सहज म्हणतो. त्या आकड्यामागे असे लोक आहेत, आणि त्यातला एक आपल्या बाजारपेठेच्या गावात झोपला आहे. मी पोरांना हा हिशेब शिकवते तेव्हा सुरुवात तिथूनच करते.

मग गणित

धाग्याने समाधान झालं नाही तर दोन विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश घ्या. मोबाइलच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात, पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. नागपूरचा सोनेगाव विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. कुठे २१ अंश ५ मिनिटं असं लिहिलेलं असेल तर मिनिटांना ६० ने भागून अंशात मिळवा. २१.५ असं लिहू नका. ५ भागिले ६० म्हणजे ०.०८, म्हणून २१.०८.

उत्तर आणि पूर्व हे अधिक धरायचे, दक्षिण आणि पश्चिम हे उणे. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोचा रेखांश उणे १२२.३८.

मोबाइल आडवा करा, बहुतेक फोनांत कॅल्क्युलेटर मोठा होतो आणि साइन-कोसाइन दिसतात. तो डिग्रीवर आहे का ते आधी बघा, रेडियनवर असेल तर उत्तर भलतंच येतं. आता दोन गुणाकार.

पहिला: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार. ०.३५९८ गुणिले ०.६१०४, म्हणजे ०.२१९६.

दुसरा: दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, तिघांचा गुणाकार. रेखांशांतला फरक ७९.०५ अधिक १२२.३८, म्हणजे २०१.४३, त्याचा कोसाइन उणे ०.९३०९. म्हणून ०.९३३० गुणिले ०.७९२१ गुणिले उणे ०.९३०९, म्हणजे उणे ०.६८८०.

दोघांची बेरीज उणे ०.४६८४. तिचा उलटा कोसाइन (cos⁻¹ लिहिलेलं बटण) काढा, ११७.९ अंश येतात. अंशाला १११.२ ने गुणा, १३,११० किलोमीटर झाले.

उणे-अधिक जपा. शेजारच्या काकाजींची मुलगी मेलबर्नला गेली तेव्हा मी दिल्लीपासूनचा हिशेब घाईत केला आणि मेलबर्नचा अक्षांश ३७.६७ दक्षिण आहे हे विसरून अधिकच धरला. उत्तर आलं सव्वासहा हजार किलोमीटर. काकाजींना सांगून टाकलं, आठ तास. मी मोजलेली जागा प्रत्यक्षात जपानच्या पूर्वेला समुद्रात होती. उणे लावल्यावर १०,१९० किलोमीटर आले आणि तास साडेबारा. मी त्यांच्या घरी जाऊन चूक सांगितली, पण तोवर काकूंनी पावण्या-रावण्यांना आठ तास सांगून झालं होतं. आता मी आकडा आला की तो धाग्याशी ताडून बघते. धागा आणि गणित जुळले नाहीत तर गणित पुन्हा करते.

कॉम्प्युटर असेल तर गूगल मॅप्सवर उजवं बटण दाबून अंतर मोजायचा पर्याय निवडला की हेच उत्तर मिळतं आणि वाकडी रेघही दिसते. रेघ वाकडी का आहे ते मात्र धागा धरल्याशिवाय समजत नाही.

मधला थांबा किती वळसा घालतो

नागपूरहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान नाही. मधे उतरावं लागतं, आणि कुठे उतरता त्यावर अंतर बदलतं. प्रत्येक टप्प्याचा हिशेब वेगळा करून बेरीज करायची.

दिल्लीमार्गे: नागपूर-दिल्ली ८५५, दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को १२,३८०. एकूण १३,२३५. सरळ धाग्यापेक्षा फक्त सव्वाशे किलोमीटर जास्त, कारण दिल्ली जवळजवळ वाटेवरच आहे.

मुंबईमार्गे: ६८० अधिक १३,५१०, म्हणजे १४,१९०.

दोहामार्गे: नागपूर-दोहा २,८४०, दोहा-सॅन फ्रान्सिस्को १२,९९०. एकूण १५,८३०. इथे २,७२० किलोमीटरचा वळसा आहे.

तरी माझा भाऊ दोहामार्गे गेला, आणि मी पुढच्या वेळीही तेच सांगीन. नागपूरहून निघून परदेशात एकदाच उतरायचं, सामान थेट शेवटच्या गावी जाणार, एकच तिकीट. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला दिल्लीच्या गर्दीत देशांतर्गतमधून आंतरराष्ट्रीयमध्ये पळवण्यापेक्षा अडीच हजार किलोमीटर जास्त परवडले. किलोमीटर विमान कापतं, धावपळ माणसाला करावी लागते.

किलोमीटरचे तास

मोठी विमानं वर गेल्यावर ताशी साधारण ९०० किलोमीटरने जातात, दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून. पण अख्खा प्रवास त्या वेगाने होत नाही आणि वाटही धाग्याइतकी सरळ नसते. म्हणून मी ८५० ने भागते आणि वर अर्धा तास टाकते. अर्धा तास धावपट्टीपर्यंत सरकण्याचा, चढण्याचा, उतरण्याच्या रांगेचा.

नागपूर-दोहा: २,८४० भागिले ८५० म्हणजे ३.३४ तास. हे ३ तास ३४ मिनिटं नव्हेत. ०.३४ ला ६० ने गुणा, २० मिनिटं. ३ तास २० मिनिटं, अधिक अर्धा तास, ३ तास ५० मिनिटं. भावाच्या तिकिटावर ४ तास १० मिनिटं होती.

दोहा-सॅन फ्रान्सिस्को: १२,९९० भागिले ८५०, १५ तास १७ मिनिटं, अधिक अर्धा तास. १५ तास ४७ मिनिटं. तिकिटावर १५ तास ५० मिनिटं.

तुमच्या हिशेबात आणि तिकिटात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक आला तर काळजी नको. दोन तासांचा आला तर कारण शोधा. बहुधा ते वाऱ्यात किंवा वाटेत सापडतं.

वारा आधी. विमानं ज्या उंचीवर उडतात तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. पाठीवर घेतला तर विमान लवकर पोहोचतं, समोरून आला तर उशीर. म्हणून न्यूयॉर्कहून लंडनला साधारण सात तास आणि परत यायला आठ. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं, जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचं विमान पॅसिफिकवरून नेलं. वाट १५,३०० किलोमीटर, म्हणजे धाग्यापेक्षा जवळपास तीन हजाराने लांब, तरी साडेचौदा तासांत पोहोचलं, कारण वारा पाठीशी होता.

नववीतल्या एका पोराने मला विचारलं होतं की पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोहोचायला पाहिजे. नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या एसटीत वर फेकलेलं बोर तुझ्याच हातात परत पडतं, मागच्या सीटवर जात नाही. फरक पडतो तो वाऱ्याने.

आता वाट. धागा तिबेटवरून गेला म्हणून विमान तिथून जाईल असं नाही. तिबेटची जमीनच चार-पाच किलोमीटर उंच. विमानात हवेचा दाब गेला तर वैमानिकाला साधारण तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे तेवढं खाली यायला जागाच नाही. म्हणून विमान कंपन्या ती वाट टाळतात. दोन इंजिनांच्या विमानाला वाटेत ठरलेल्या वेळेच्या आत उतरता येईल असा विमानतळही लागतो.

शिवाय भांडणं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना खाली अरबी समुद्रावरून वळसा पडला. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झाल्यावर हेलसिंकीहून टोकियोला नऊ-साडेनऊ तासांत जाणारं विमान तेरा तास घेऊ लागलं. धागा तोच, जमीन तीच, वाट बदलली. त्यामुळे मागच्या वर्षीचे तास डोक्यात धरून बसू नका, ताज्या तिकिटावरचेच घ्या.

घड्याळ

आमच्या घरी जो घोळ झाला तो इथे. तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. नागपूरची वेळ भारताची, दोह्याची दोह्याची, सॅन फ्रान्सिस्कोची तिथली. दोन वेळांची सरळ वजाबाकी करायची नाही.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटं. भारताचं घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, म्हणून आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. दोहा ३ तास पुढे. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात ८ तास मागे, उन्हाळ्यात ७ तास मागे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेबारा.

आईसाठी मी सोपं करून दिलं. उन्हाळ्यात आपली वेळ घे, अर्धा तास कमी कर, सकाळची रात्र कर. आपल्याकडे सकाळचे ८, तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेसात. हिवाळ्यात आणखी एक तास कमी, साडेसहा. घरात दोन घड्याळं लावायची गरज राहत नाही.

आता भावाचं तिकीट, सगळं भारताच्या घड्याळात आणून:

पहाटे ४:०० नागपूर सोडलं.
सकाळी ८:१० दोहा. तिथल्या घड्याळात ५:४०.
सकाळी १०:३० दोहा सोडलं. तिथे ८:००.
रात्री, म्हणजे पुढची तारीख लागल्यावर, २:२० ला सॅन फ्रान्सिस्को. तिथे दुपारचे १२:५०, तारीख निघाला तीच.

४ तास १० मिनिटं, २ तास २० मिनिटं थांबा, १५ तास ५० मिनिटं. एकूण २२ तास २० मिनिटं. पडताळा घ्यायचा तर तिकिटावर दिसणारे ८ तास ५० मिनिटं आणि साडेतेरा तासांचा फरक मिळवा. तेच येतं.

अशा चार ओळी मी आता प्रत्येक प्रिंटच्या मागे पेनाने लिहून देते, सगळ्या भारताच्या वेळेत. घरच्यांना किलोमीटरपेक्षा या चार ओळी उपयोगी पडतात. खाली आणखी एक ओळ घालते: "दोह्याला वायफाय मिळालं तर सकाळी ९ च्या सुमारास फोन, नंतर रात्री साडेतीन-चारनंतरच." उतरल्यावर लगेच फोन येत नाही. इमिग्रेशनची रांग, सामान, कस्टम्स यांत तास-दीड तास सहज जातो.

अंगणापासून अंगणापर्यंत

विमानाचे तास म्हणजे अख्खा प्रवास नव्हे. आमच्या गावापासून जाम, बुटीबोरी करत सोनेगाव दोन तास धरा. विमानतळ वर्धा रोडवरच आहे, शहरात शिरावं लागत नाही, पण रात्री ट्रकांची रांग असते आणि थंडीत धुकं. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोहोचायचं. पहाटे ४ चं विमान म्हणजे रात्री १ ला विमानतळावर, आणि ११ ला घरून निघणं. तिकडे उतरल्यावर बाहेर यायला दीड तास आणि खोलीवर जायला एक तास. २२ तास २० मिनिटांचे असे जवळजवळ ३० तास होतात. पोरांना खाऊ बांधून देताना आणि औषधांच्या वेळा ठरवताना हे ३० तास धरा. साखरेची गोळी घेणाऱ्या आईवडिलांना पाठवत असाल तर गोळ्यांच्या वेळा निघण्याआधी डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर लिहा, आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा.

मधला थांबा एकाच तिकिटावर असेल तर दोन-अडीच तास पुरतात. दोन वेगळी तिकिटं असतील तर पाच तासांपेक्षा कमी ठेवू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असतं, त्या दिवसांत मी वेगळी तिकिटं घ्यायला सरळ नाही म्हणते.

विमान कुठवर आलं ते फ्लाइटरडार२४ या मोबाइलच्या ॲपवर दिसतं. आईला मी तिकिटावरचा विमानाचा क्रमांक टाकून दाखवते. आमच्याकडे हरभऱ्याला ओलित करायला रात्रीची लाइन असते. वावरात उभं राहिलं की नागपूरच्या आभाळातून लुकलुकत जाणारे दिवे दिसतात. नागपूर देशाच्या मध्यावर, बऱ्याच हवाई वाटा इथेच एकमेकींना छेदतात. मोबाइल आभाळाकडे धरून विमान कुठून कुठे चाललं आहे ते बघायचा नाद आता गड्यालाही लागला आहे.

येताना तारीख

जाताना तारीख तीच राहते, येताना दोनने वाढते. परतीच्या तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात "+२" असतं, ते बघायला विसरू नका. भाऊ परत आला तेव्हा तिकडून १० जानेवारीला दुपारी ३ ला निघाला आणि नागपूरला १२ जानेवारीला पहाटे ३:१० ला उतरला. प्रत्यक्ष प्रवास २२ तास ४० मिनिटांचा, बाकीचे साडेतेरा तास घड्याळाच्या फरकाचे.

मी गाडीवाल्याला सांगितलं होतं, "बारा तारखेच्या रात्री." त्याने १२ चं जेवण झाल्यावर यायचं असं धरलं, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. पहाटे चारला भावाचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे गाढ झोपेत होतो. दोन वर्षांनी आलेला पोरगा सोनेगावला बॅगेवर बसून होता, आणि आई त्याला घ्यायला जायची साडी काढून उशाशी ठेवून झोपली होती.

म्हणून गाडी सांगताना तारखेबरोबर जेवण सांगा. "अकरा तारखेचं रात्रीचं जेवण झालं की झोपायचं, दोनला उठून निघायचं." सामान घेऊन बाहेर यायला त्याला तास लागतो, तेवढ्यात तुम्ही पोहोचता.